बारा तारखेच्या सहा जागा

३ सप्टेंबर, मंगळवार

यादीत त्याचं नाव आहे!

तेल्मो रामाल्यो. गुरुवार, बारा तारीख, लिस्बन ते एव्होरा आणि परत. सहा जागा. त्यातले पाच एकत्र — तेल्मो रामाल्यो, आनूक वेबर, दोन थोरले वेबर आणि एक लहान मूल. गाडीत मुलाची खुर्ची हवी. येणार लक्झेंबर्गहून. सहावी कुणी ब्राझीलची बाई, एकटीच.

सोन्या दर मंगळवारी ऑफिसातून पुढच्या आठवड्याच्या सहलींच्या याद्या पाठवते. मी नेहमी माणसं किती आणि भाषा कुठली एवढंच बघते. आज आमचा ड्रायव्हर आमादेव गाडी धूत होता आणि मी पायरीवर बसून वाचत होते. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग नावावर बोट ठेवून तिसऱ्यांदा.

"काय गं? पुन्हा कुणी शाकाहारी आलं की काय?" आमादेव ओरडला.

काही नाही म्हटलं.

तेल्मो नावाची शंभर माणसं असतील देशात. रामाल्यो तर हजारो. आणि लक्झेंबर्गला निम्मा पोर्तुगाल जाऊन बसलाय. कुणीही असेल.

पण मूल?

४ सप्टेंबर

भाजी घ्यायला गेले, पैसे दिले, पिशवी दुकानातच ठेवून घरी आले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकते. अकरा वर्षांत एकदाही लिहिलं नाही.

आम्ही तेव्हा एव्होरातच राहायचो. शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या, उंच दगडी पाटाच्या कमानींत बांधलेली घरं आहेत, त्यातलं एक आमचं. माझा नवरा जासिंतो, बाटल्यांची बुचं करतात त्या बुचाच्या झाडांची साल काढायचा — कुऱ्हाडीनं, झाडाला धक्का न लावता. त्या कामात त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता. झाडाला इतका जपणारा माणूस पोराला जपू शकला नाही. माझ्यावर त्यानं कधी हात उगारला नाही. हे मी किती वर्षं मनाशी घोकत आले, जसं काही त्यात फार मोठं काहीतरी आहे! तेल्मोवर उगारायचा. पट्टा काढायचा. मी मधे पडायची नाही. दुसऱ्या दिवशी पोराला गोड काहीतरी करून घालायची.

तेल्मो एकोणीस वर्षांचा होता. बुचाच्या कामाला जाणार नाही म्हणाला, विजेचं काम शिकायचंय. जासिंतोनं पट्टा काढला. तेल्मोनं त्याचं मनगट धरलं. मारलं नाही, ढकललं नाही — नुसतं धरलं.

जासिंतो म्हणाला, "चालता हो. पुन्हा या दारात दिसायचं नाही."

तेल्मोनं बापाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मी शेगडीपाशी होते, लसणात पावाचा चुरा परतत होते. तो म्हणाला, "आई?"

एवढंच. आई — आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी गॅस बंद केला.

दुसरं काही केलं नाही. बोलले नाही. तो बराच वेळ थांबला. मग खुंटीवरचं जाकीट घेतलं आणि गेला.

दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. जासिंतो चार वर्षांपूर्वी वारला, तेव्हा तेल्मोच्या एका मित्राकरवी निरोप पोचवला. उत्तर नाही. मग मी एव्होराचं घर सोडलं आणि लिस्बनला सेलेश्तताईकडे आले. लहानपण फ्रान्समध्ये गेलं, त्यामुळे फ्रेंच येत होतं. म्हणून हे गाइडचं काम मिळालं. आता मला दिवसभर बोलण्याचा पगार मिळतो!

८ सप्टेंबर, रविवार

ताईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि खाली बसली.

"तोच आहे?"

"वय लिहिलंय. तीस. तोच."

"त्याला माहीत आहे, तू गाइड आहेस ते?"

"कसं माहीत असणार? वेबसाइटवर नुसतं इल्दा लिहिलंय, आणि एवढासा फोटो."

"मग बदली माग! दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणावं. बायको, सासूसासरे, सगळ्यांना घेऊन सहलीला येतोय बिचारा, आणि गाडीचं दार उघडलं की समोर तू! काय होईल त्याचं?"

पटलं. सोन्याला फोन लावला, बारा तारखेला मला जमणार नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं, व्हालदेमारला विचारते."

अर्ध्या तासानं पुन्हा फोन केला. "जमेल गं. माझं मीच जाते."

ताई पुन्हा इस्त्रीला लागली. एक बाही मात्र जाळली तिनं.

११ सप्टेंबर

केस रंगवून आले. मग वाटलं — ओळखलंच नाही त्यानं तर? मग वाटलं, बरंच होईल. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी पावणेआठला चौकात उभी होते, हातात यादी. आमादेवला पहाटेच सांगितलं होतं. तो नेहमी मला 'आलेंतेजोची महाराणी' म्हणून चिडवतो, आमच्या त्या प्रांतातली माणसं हळूबाई असतात म्हणून. आज चिडवलं नाही. नुसतं म्हणाला, "मी आहे गं."

रस्त्याच्या टोकाला चालताना दिसला. चेहरा दिसायच्या आधीच कळलं — चाल बापाची, डावा खांदा किंचित पुढे. दाढी ठेवलीय. अंगानं भरलाय. त्याच्या खांद्यावर एक मुलगी, तिच्या चपला त्याच्या छातीवर आपटत होत्या.

जवळ आला. माझ्याकडे बघितलं. त्याला धक्का बसला असं दिसलं नाही. खरं तर चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मुलीला खाली उतरवलं आणि हात पुढे केला.

"बोंजूर, मादाम. आम्ही पाच जण. रामाल्यो."

मादाम! फ्रेंचमध्ये! मी हात हातात घेतला. तळवा खरखरीत — विजेचं काम करणाऱ्याचा असावा. अकरा वर्षांनी पोराला शिवले ते असं.

मी म्हणाले, "बोंजूर, मस्यू. स्वागत आहे."

मग ओळखी झाल्या. बायको आनूक, उंच, गालांवर तपकिरी ठिपके, मला हात देऊन जरा जास्तच वेळ धरून ठेवला तिनं. सासरे वेबरसाहेब, रेल्वेतून निवृत्त. वेबरबाई, हसऱ्या. आणि मुलगी मार्गो, साडेचार वर्षांची. माझी नात. तिच्या भुवया माझ्या आहेत. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग बापाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवली.

ब्राझीलच्या जुरेमाबाई, म्हणजे आमच्या भाषेत दोना जुरेमा, सगळ्यात शेवटी, धापा टाकत आल्या. सत्तरीच्या, गळ्यात तीन माळा. बसल्या बसल्या बोलायला लागल्या.

पूल ओलांडला. मी माइक घेतला. पुढच्या आरशात तो दिसत होता, म्हणून आरशात बघायचं नाही असं ठरवलं. बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

बुचाची झाडं सुरू झाली. रोजचं बोलले — एकदा साल काढली की पुन्हा नऊ वर्षं हात लावायचा नाही, खोडावर पांढऱ्या रंगात वर्षाचा आकडा लिहितात.  वेबरसाहेबांनी मागून विचारलं, "तुम्ही मूळच्या इकडच्याच का, मादाम?"

"हो. एव्होराची."

"आणि तिकडे घरचं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत दोना जुरेमा मधे पडल्या. त्यांना बोलायला पोर्तुगीज माणूस सापडला होता ना! मागे वळून तेल्मोला म्हणाल्या, "आणि तू रे बाळा? तुझं बोलणं तर इकडचं वाटतंय! तुझी माणसं कुठे असतात?"

आरशात तो माझ्याकडेच बघत होता. सरळ, डोळ्यांत.

"इकडे आता माझं कुणी नाही," तो म्हणाला. सावकाश म्हणाला. एकेक शब्द सुटा.

माइक माझ्या हातात चालूच होता. गाडीभर नुसती खरखर. आमादेवनं हात लांब करून बटण बंद केलं.

म्हणजे असं आहे तर. सासरी सांगितलंय — आईबाप गेले. बायकोला, पोरीला, सगळ्यांना. मी मेलेली आहे. मग मेलेल्या माणसानं काय करायचं? मेलेलंच राहायचं. त्याचा संसार माझ्या एका शब्दानं मोडायचा नाही. मी तिथेच ठरवलं. पुढचे नव्वद किलोमीटर छान बोलले. आमादेव नंतर म्हणाला, इतकं छान कधी बोलली नव्हतीस.

हाडांच्या चॅपलमध्ये तेल्मो आला नाही, बाहेरच थांबला. मार्गो दारापर्यंत आली आणि भिंतीतल्या कवट्या बघून थबकली. आनूक वाकून तिला काही सांगत होती, पण ती आईकडे गेली नाही. माझ्याकडे आली आणि माझी दोन बोटं धरली. ऊबदार, चिकट हात, सकाळी खाल्लेल्या केकचा. मी तिला सांगितलं, ही सगळी म्हातारी माणसं आहेत, झोपलीत, त्यांना आता कशाचा त्रास नाही. ती म्हणाली, "यांना दात आहेत." म्हटलं, "हो ना, घासत असणार." ती हसली. वेबरबाईंनी आमचा फोटो काढला. एक नाही, चार-पाच.

एका मिनिटात सगळं झालं. बोटं अजून धरलेली वाटतात.

मग कमानींची घरं. रोज नेते लोकांना तिथे, गंमत म्हणून आवडतात. आमच्या घरापुढे कधी थांबत नाही, दोन घरं आधीच थांबते. आज पाय आमच्याच दारापुढे थांबले. नवीन भाडेकरूंनी दार निळं केलंय, बाहेर सायकल.

"अजून लोक राहतात यांत," मी म्हणाले.

आनूकनं विचारलं, "आतून कसं असतं?"

"एक भिंत वाकडी असते. पलंग तिला चिकटून बसत नाही, मागे फट राहते. फटीत मुलांच्या वस्तू पडतात. उन्हाळ्यात गार. रात्री कमानीत वारा बोलतो, लहान मुलं घाबरतात सुरुवातीला."

मागून आवाज आला, पोर्तुगीजमध्ये, हळू.

"हिवाळ्यात ओल येते."

वळले. तो दाराकडे बघत होता.

"हो," मी म्हणाले. "ओल येते."

अकरा वर्षांनी आमचं एवढंच बोलणं झालं. भिंतीच्या ओलीवर.

तो अजून काही बोलेल असं वाटलं. सगळेच गप्प उभे होते, वेबरसाहेब टोपी हातात घेऊन. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला, जेवणाची वेळ झाली."

जेवायला आसोर्दा होती. लसूण-कोथिंबिरीच्या गरम पाण्यात बुडवलेला पाव, वर अंडं. हे त्याचं आवडतं. वाडग्यावर वाकून जेवत होता, लहानपणी जेवायचा तसंच, डावा हात वाडग्याभोवती, कुणी काढून घेईल असा. मी लांबच्या टोकाला बसले होते. मी पावाचे नुसते तुकडे करत होते.

तेवढ्यात दोना जुरेमा! "काय हो दोना इल्दा, एवढ्या गोड बोलता पोरीशी. तुम्हाला मुलंबाळं किती?"

 वेबरसाहेबांचा चमचा हवेत थांबला. आनूक माझ्याकडे बघत होती. तेल्मो मान वर करत नव्हता, पण जेवायचा थांबला होता.

मी म्हणाले, "नाही. मला मूल नाही."

फ्रेंचमध्येही सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. त्याला खात्री वाटावी, की मी काही बोलणार नाही. घाबरू नको.

"अरेरे," दोना जुरेमा म्हणाल्या. "असू द्या हो, भाचरं असतील."

तेल्मोनं हातातला पाव खाली ठेवला. खुर्ची सरकवली आणि बाहेर गेला. वाडग्यात अर्धी आसोर्दा तशीच. आनूक त्याच्यामागे गेली. खिडकीतून दिसत होतं — ती बोलत होती, तो भिंतीला पाठ टेकून उभा, मान हलवत. नाही, नाही, नाही.

परतीच्या वाटेवर मी फारशी बोलले नाही. मार्गो झोपली. चौकात उतरल्यावर वेबरसाहेबांनी खिशातून पाकीट काढलं, मला टिप द्यायला. तेल्मोनं त्यांचा हात धरला.

"नको. त्यांना नको."

बरोबर आहे. त्याच्या घरच्या पैशाला मी हात लावावा असं त्याला कशाला वाटेल?

मार्गोनं गालाचा मुका घेतला. तेल्मोनं पुन्हा हात पुढे केला. "धन्यवाद, मादाम." जरा थांबला. मग गेले सगळे. तिला खांद्यावर घेतलं नाही त्यानं, हाताला धरून नेलं. कोपऱ्यावर तो वळून बघेल म्हणून मी उभी होते.

वेबरबाई वळल्या. तो नाही.

१३ सप्टेंबर

आमच्या घराण्यातल्या भुवया आहेत तिच्या. ताईला दहादा सांगितलं.

१५ सप्टेंबर, रविवार

आमादेव जेवायला आला होता. ताईनं बोलावलं होतं, मला समजवायला म्हणून, पण त्यानं समजूत वगैरे काढली नाही. चांगला भडकला.

"मूल नाही म्हणालीस? मी बाहेर गाडी पुसत बसलो होतो म्हणून, नाहीतर तिथल्या तिथे —"

"त्यानंच आधी म्हटलं ना! इकडे माझं कुणी नाही म्हणाला. तू ऐकलंस."

"ऐकलं. आणि बघितलंही. तुझ्याकडे बघत म्हणाला. ज्याला लपवायचंय तो असा बघतो होय?"

"त्याला राग आहे माझा."

"असणारच! पण राग आलेला माणूस सबंध दिवस तुझ्या गाडीत बसेल? चौकात तुला बघितलं, तेव्हाच आल्या पावली परत गेला असता. पैसे गेले खड्ड्यात."

"बायकोपोरांसमोर तमाशा नको म्हणून बसला."

"दिवसभर तोंड चालतं तुझं. दगडांची नावं सांगतेस, राजांची सांगतेस, कुणाच्या आजोबांनी कुठली खिडकी बांधली ते सांगतेस. आणि पोराला —"

ताई म्हणाली, "पुरे, आमादेव."

 त्यानं पानातलं मटण संपवलं आणि जाताना दारात मला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको महाराणी. मला मूल झालंच नाही, म्हणून माझं डोकं फिरतं."

मी काय चूक केली? एकदा गप्प बसून त्याचं घर हिसकावलं. आता गप्प बसून त्याचं घर राखलं. मला तर वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासाठी काहीतरी केलं.

मग हे असं का होतंय? चार दिवस डोळ्यांसमोर ती अर्धी राहिलेली आसोर्दा.

१७ सप्टेंबर

विमानं दिसतात आमच्या गच्चीवरून. त्यांचं विमान शनिवारीच गेलं असणार. तरी बघते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सोन्याचा फोन, खुशीत. "दोना इल्दा, तुमचं नाव काढलंय कुणीतरी वेबसाइटवर! ऐका हं. 'गाइडला शहराची सगळी माहिती आहे. सर्वांशी प्रेमानं वागल्या. माझ्या मुलीचा हात त्यांनी धरला होता.' आणि खाली नाव, तेल्मो आर. पाचातले चार तारे. एक का कापला कोण जाणे! विचारू का त्यांना? आपण नेहमी विचारतो."

"नको," मी म्हणाले. "नको विचारू."

"अहो, पण कळायला हवं ना, काय कमी पडलं ते."

"सोन्या, राहू दे गं."

फोन ठेवून तशीच बसले. ताईनं चहा आणला, मग गार झाला म्हणून परत नेला.

काय कमी पडलं ते त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पण चार दिलेत. चार द्यायचं त्याला काही कारण नव्हतं. यावर मी दुपारभर विचार करतेय, वेड्यासारखी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा एव्होरा. सात जण, सगळे डेन्मार्कचे, सभ्य, उंच. एकानं कमानींपाशी विचारलं, आत कोण राहतं? निळ्या दाराकडे बोट दाखवून. मी म्हणाले, "माहीत नाही."

मग अचानक सांगायला लागले. इथे एक मुलगा राहायचा. भिंतीवर चेंडू आपटायचा, शेजारीण ओरडायची. सात वर्षांचा असताना पाटाच्या भिंतीवर चढला आणि खाली उतरताच येईना, तेव्हा अग्निशमनवाले आले. शाळेतून येताना कमानी मोजायचा आणि रोज वेगळा आकडा सांगायचा.

डॅनिश बाईंनी विचारलं, "मग काय झालं त्याचं?"

"विजेचं काम करतो. परदेशात असतो. एक मुलगी आहे त्याला."

"तुम्ही ओळखता वाटतं त्याला?"

आमादेव लांब उभा होता, गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत. थांबल्या किल्ल्या.

"शेजारीण होते मी," म्हणाले. पुन्हा तेच! अनोळखी माणसांसमोर, ज्यांना कशाचंच काही नाही, त्यांच्यासमोरसुद्धा मला म्हणता आलं नाही. तिथे कुणाचा संसार मोडणार होता? कुणाचाच नाही. मग कुणासाठी गप्प बसले?

याचं उत्तर मला येताना गाडीत मिळालं, आणि ते मला लिहायचं नाही.

लिहिते. मला भीती वाटते. तेव्हा जासिंतोची वाटली असेल, पण जासिंतो चार वर्षं जमिनीखाली आहे. आता वाटते ती तेल्मोची. मी 'मी तुझी आई' म्हणेन आणि तो सगळ्यांसमोर 'नाही' म्हणेल, याची. त्याचं घर राखलं वगैरे सगळं मी नंतर रचलं. मी स्वतःला राखलं. तेव्हाही, आताही.

त्याच्या आठवणी मी पैसे घेऊन परक्यांना सांगतेय.

२६ सप्टेंबर

पत्र लिहायला घेतलं. पत्ता नाही. सोन्याकडे असेल. तिला काय म्हणून मागू? शेवटी खरं कारण सांगितलं तिला.  ती फोनवरच रडायला लागली, मलाच तिला गप्प करावं लागलं. नंबर दिला तिनं. त्याचा मागायचा धीर झाला नाही, बुकिंगमधला दुसरा नंबर आनूकचा होता, तोच घेतला.

निरोप पाठवला. "मी इल्दा, एव्होराची गाइड. मला मूल नाही असं मी म्हणाले. ते खोटं होतं. तेल्मोनं तुम्हाला काय सांगितलंय मला माहीत नाही, त्याला त्रास होणार असेल तर हे पुसून टाका."

पाठवलं आणि फोन कपाटात ठेवला, चादरींखाली.

२८ सप्टेंबर, शनिवार

दुपारी आनूकचा फोन.

म्हणाली, बुकिंग त्यानंच केलं होतं. वेबसाइटवर माझा फोटो बघून. आदल्या दिवशी हॉटेलात त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, उद्याची गाइड माझी आई आहे. ती स्वतःहून बोलेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, मादाम. माझे बाबा तर खोदून खोदून विचारत होते. मार्गोलाही माहीत होतं. आम्ही दिवसभर वाट बघत होतो."

"पण तो म्हणाला, माझं कुणी नाही —"

"तुम्ही 'मी आहे ना' म्हणाल म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग ती म्हणाली, "तो इथेच आहे. देऊ?"

"दे."

पलीकडे श्वास ऐकू आला. या वेळी मी थांबले नाही. म्हणाले, "तेल्मो, मी तेव्हा बोलायला हवं होतं."



"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

फोन ठेवला नाही त्यानं.